सोपानभाऊंचं व्हय

राजेश्वरीबाई काळोखे कान्हे स्टेशनाजवळच्या एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवतात. दहावीची परीक्षा जवळ आली की जानेवारीपासून त्यांची उजळणी सुरू होते. आठवड्याच्या सुरुवातीला अलंकार, मधल्या दिवसांत उतारे, आणि शुक्रवारी मुले जे विसरली असतील ते. या क्रमात त्या सहसा बदल करत नाहीत. उताऱ्याच्या तासाला त्यांचे एक सांगणे ठरलेले असते.

"उतारा समोर असताना स्वतःच्या मनात डोकवायचं नाही. उत्तर उताऱ्यात असतं. नसेल, तर 'उताऱ्यात नाही' असं लिहायचं. तुमचं मत शेवटच्या प्रश्नात विचारतात, तेव्हा काय पाजळायचं ते पाजळा."

बाईंचे माहेर वडगावचे. वडील कोर्टात कारकून होते, त्यामुळे घरातले बोलणे नीटनेटके, उच्चार चुकला तरी जेवताना दुरुस्त होणारे. लग्न होऊन त्या कान्ह्याच्या पलीकडच्या गावात आल्या, तेव्हा नवऱ्याच्या पहिल्या काही वाक्यांनीच त्यांच्या कानाला ठेच लागली. नवरा, सोपान काळोखे, आंबीच्या एका कंपनीत स्टोअरला होता. पण मावळात त्याला ओळखायचे ते कंपनीमुळे नव्हे. यात्रांच्या दिवसांत गावोगावच्या घाटांवर, चढावर आखलेल्या धावपट्ट्यांवर, बैलगाड्यांच्या शर्यती होतात. त्या घाटावर माईक हातात घेऊन प्रत्येक बारी, म्हणजे गाड्याची प्रत्येक धाव, पुकारणारा निवेदक म्हणून सोपानभाऊंचे नाव होते. भाऊ पुकारणार असले की लांबची माणसेही बारी बघायला म्हणून नव्हे, ऐकायला म्हणून येत.

बाईंनी त्यांना पहिल्यांदा घाटावर ऐकले ते लग्नानंतरच्या चैत्रात. बायकांच्या गर्दीत त्या पदर सावरत उभ्या होत्या. गाड्यापुढे पळवायची घोडी घाटात आली, आणि कर्ण्यातून नवऱ्याचा आवाज आला.

"घोडी बगा, मंडळी, घोडी! तापल्या तव्यावरच्या थेंबागत नाचतीय!"

बाई घरी आल्या, पण तो थेंब काही डोक्यातून गेला नाही. पुढच्या आठवड्यात वर्गात उपमा शिकवताना पुस्तकातले चंद्रासारखे मुख बाजूला ठेवून त्यांनी फळ्यावर तेच वाक्य लिहिले. उपमेय घोडी, उपमान थेंब, दोघांतले सारखेपण नाचण्याचे, आणि सारखेपण सांगणारा शब्द 'गत'. ज्या मुलांना वर्षभर उपमेय आणि उपमान उलटसुलट होत होते, त्यांना ते त्या दिवशी एका दमात समजले.

"माजी उपमा फुकाट वापरतीस व्हय?" सोपानभाऊ संध्याकाळी म्हणाले. "मानधन कुटंय?"

"चहात घातलंय. ढवळून घ्या."

"आन तुमच्या पुस्तकातला तेवडा चंद्र बदला, बाई. लय झिजला त्यो."

"बदलते. पण परीक्षेत 'गत' लिहिलं तर मार्क जातो. 'सारखी' म्हणायचं."

"सारखी म्हणंस्तवर गाडा निशाणाला पोचतुय. गत म्हणलं की गाडा बी पुडं आन मी बी पुडं."

असे त्यांचे चालायचे. शर्यतींवर बंदी होती त्या वर्षांत भाऊंनी क्रिकेटचे सामने पुकारले, लग्नांत अक्षतांच्या आधी वऱ्हाड जागेवर बसवले, शाळेच्या स्नेहसंमेलनात सूत्रसंचालन केले. मूलबाळ झाले नाही. त्याचे दुःख दोघांनी एकमेकांना फारसे बोलून दाखवले नाही. बाईंच्या वर्गातली मुले आणि भाऊंच्या घाटावरची माणसे, एवढ्या गोतावळ्यात घर भरलेले असे.

मागच्या श्रावणात कंपनीत दुसऱ्या पाळीला सोपानभाऊ रॅकजवळ कोसळले. उजवी बाजू गेली. तळेगावच्या दवाखान्यातून ते घरी आले तेव्हा काठी आणि कुणाचा तरी खांदा असला तर चार पावले टाकू शकत होते, पण वाचा गेली होती. समोरच्याचे बोलणे बरेचसे कळते आहे, असे डॉक्टर म्हणाले. स्वतःचे शब्द मात्र सापडत नाहीत. घाट हलवणाऱ्या त्या माणसाच्या तोंडात एकच शब्द उरला होता. व्हय.

पाणी हवे का? व्हय. पंखा बंद करू? व्हय. काल कोण आले होते? व्हय.

राजेश्वरीबाई हार मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. आयुष्यभर त्यांनी मुलांना ओळींच्या मधला अर्थ काढायला शिकवले होते. त्यांनी भाऊंचा तो एक शब्द ऐकायला घेतला. आखूड आला की होकार. लांबला की कंटाळा. शेवटी वर चढला की प्रश्न, आणि तुटक, नाकातून आला की टोमणा. हळूहळू भेटायला येणारी माणसे भाऊंना प्रश्न विचारत आणि उत्तरासाठी बाईंकडे बघत. "बाई, तुमालाच कळतं त्यांचं," असे म्हणत उठत. त्या वाक्याने बाईंना बरे वाटे. नवऱ्याचा आवाज गेला होता, पण अर्थ आपल्यापाशी आहे, असे त्यांना वाटे.

फेब्रुवारीच्या सुरुवातीची गोष्ट. अलंकारांची उजळणी चालली होती. वेळ उरला म्हणून बाईंनी वक्रोक्ती घेतली.

"हे तुमच्या परीक्षेला नाही, पण ऐकून ठेवा. बोलणाऱ्याच्या सुरानं शब्दाचा अर्थ फिरतो, त्या सुराला काकू म्हणतात."

"काकू म्हंजे चुलती, बाई?" मागच्या बाकावरून गौरव म्हणाला.

"चुलतीच. पण ही गळ्यात राहते. गौरव, आई विचारते, अभ्यास झाला का? तू काय म्हणतोस?"

"व्हय."

"खोटं, पण होकार. आता तुझा मित्र म्हणाला, मराठीत मला पैकीच्या पैकी पडणार."

"व्हऽय!" गौरवने मान वाकडी करून म्हटले. वर्ग हसला.

"शब्द तोच. अर्थ?"

"येडा झालायस का, असा, बाई."

"बस खाली. काकू कळली तुला."

त्याच संध्याकाळी इर्शाद आत्तार आणि पप्पू घरी आले. इर्शादची कामशेतला मंडप आणि साउंडची गाडी. भाऊंच्या आवाजामागचे यंत्र वर्षानुवर्षे त्याच्या हातात होते. पप्पू गावातलाच, तिशीतला. भाऊ आजारी पडल्यापासून माईक त्याच्याकडे आला होता. माघातली गावची यात्रा तोंडावर होती. इर्शाद खाटेच्या कडेला बसला.

"भाऊ," पप्पू उभ्याउभ्याच म्हणाला, "यंदा घाटावर यायचं. तुमी निस्तं स्टेजवर बसायचं. तुमी बसला तर माजं त्वांड चालंल. न्हाईतर मला कापरं भरतंय."

"व्हय," सोपानभाऊ म्हणाले, आणि त्यांचा डावा हात इर्शादच्या गुडघ्यावर पडला.

इर्शादने हसून बाईंकडे पाहिले. बाई दारात चहाचे कप घेऊन उभ्या होत्या.

"नाही म्हणताहेत ते," त्या म्हणाल्या.

"न्हाई? वहिनी, व्हय म्हणले की आत्ता."

"शब्दावर जाऊ नका. सूर ऐका. टोमणा आहे तो. ज्या माणसानं अख्खा घाट बोलता ठेवला, त्याला मुक्यानं खुर्चीत बसवणार, हार घालणार, लोक हळहळणार. 'व्हय, आता तेवढंच राहिलंय माझं,' असं म्हणताहेत."

"मला तर साधंच वाटलं," इर्शाद हळू म्हणाला.

"तुम्हाला कधीमधी भेटतात. मी रोज ऐकते."

पप्पूची मान खाली गेली. "आमच्या मनात तसं काय नव्हतं, वहिनी. भाऊ, राग धरू नका."

"व्हय," भाऊ म्हणाले. पुन्हा म्हणाले, "व्हय, व्हय." मग त्यांनी डाव्या हाताने खाटेची कड पकडली आणि जोर लावून तोंड भिंतीकडे फिरवले.

"बघितलंत?" बाई म्हणाल्या.

ते दोघे गेले. रात्री भाऊंनी भाकरीच्या काल्याला तोंड उघडले नाही. दुसऱ्या दिवशीही ते गप्प पडून राहिले. नेहमीचा शब्दसुद्धा येईना. या आमंत्रणाने जखमेला धक्का लागला, असे बाईंनी मनाशी ठरवले. आपण वेळेवर मध्ये पडलो ते बरे झाले, असेही त्यांना वाटले.

उताऱ्याच्या तासाला मुलांपुढे सरावाचा एक उतारा होता. त्यात एक म्हातारा पाहुण्यांशी तुटकपणे बोलतो. तो रागावला आहे हे कशावरून, असा प्रश्न होता. जन्नत नावाची मुलगी पहिल्या बाकावर बसते. हात वर केल्याशिवाय कधी बोलत नाही. तिने हात वर केला.

"बाई, तुम्ही परवा सूर सांगितलात ना. पण आमच्या नानांना कमी ऐकू येतं. ते सगळंच ओरडून बोलतात. 'ये बाळा, जेव' हेसुद्धा रागावल्यासारखं येतं. मग त्यांचा सूर कसा धरायचा?"

"तिथे सूर धरायचाच नाही," बाई लगेच म्हणाल्या. "सूर ज्याच्या ताब्यात आहे, त्याचाच धरायचा. बाकी ठिकाणी मागचं-पुढचं बघायचं. कोण काय म्हणालं, मग काय घडलं."

उत्तर बरोबर होते. जन्नतने ते उतरवून घेतले. बाईंच्या हातातला खडू मात्र फळ्यापाशी थांबला, आणि "बाई, पुढचा प्रश्न?" असे कुणीतरी म्हणेपर्यंत तिथेच राहिला.

शनिवारी दुपारी त्या भाऊंना रिक्षाने तळेगावला घेऊन गेल्या. तिथे चैताली नावाची तरुण मुलगी वाचा-उपचार करते. दर वेळी ती भाऊंकडून जिभेचे आणि ओठांचे व्यायाम करून घेई. त्या दिवशी बाईंनी आधी आपली शंका काढली.

"मॅडम, यांच्या सुरावरून मी अर्थ लावते. ते बरोबर आहे ना?"

खुर्ची ओढून चैताली भाऊंच्या समोर बसली.

"काका, तुमचं नाव सोपान आहे?"

"व्हय." तुटक, नाकातून.

"तुमचं नाव चैताली आहे?"

"व्हय." तसाच. तुटक, नाकातून.

"आपण आता तळेगावात आहोत?"

"व्हय."

"आपण आता लोणावळ्यात आहोत?"

"व्हय." या वेळी तो लांबला, आणि लांबताना भाऊंच्या कपाळावर आठी आली. चुकतोय हे त्यांना कळत होते. ओठ हलले, दुसरे काही येते का म्हणून त्यांनी वाट पाहिली, आणि काहीच आले नाही.

राजेश्वरीबाईंनी पदराचे टोक मुठीत घट्ट धरले. ज्या सुराला त्यांनी टोमणा म्हटले होते, तो माणसाच्या स्वतःच्या नावालाही लागला होता.

"मी सुरुवातीलाच म्हटलं होतं, काकू," चैताली म्हणाली. रागावण्याचा तिचा विचार नव्हता. "सूर त्यांच्या हातात नाही. शब्द जसा निसटेल तसा येतो. हो-नाही विचारू नका. दोन गोष्टी दाखवा, हाताने निवडू द्या. आणि जागा बदलून पुन्हा दाखवा. तीच निवडली तर समजा."

परतीच्या रिक्षात भाऊ डुलक्या घेत होते. त्यांचे डोके बाईंच्या खांद्यावर होते. वडगाव मागे पडले तरी बाई रस्त्याकडे बघत नव्हत्या. वर्गात मुलांना त्या एक कृती नेहमी देतात: घटनांचा क्रम लावा. ती त्यांनी आता स्वतःसाठी केली. पप्पूने विचारले. भाऊ व्हय म्हणाले. भाऊंनी इर्शादच्या गुडघ्यावर हात ठेवला. मग मी नाही म्हणाले. मग त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवले.

मग. आमंत्रणानंतर नाही, माझ्या बोलण्यानंतर.

तो हात त्यांनी पाहिला होता. पाहून सोडून दिला होता. घाटावरच्या खुर्चीत मुका बसलेला नवरा आपल्याला बघवणार नाही, हे त्यांचे स्वतःचे होते. ते त्यांनी त्याच्या तोंडी घातले होते, वर त्याला एक अलंकारही शोधून दिला होता. आणि त्याच्यापाशी नाही म्हणायला दुसरा शब्द नव्हता. त्याने तोच पुन्हा पुन्हा म्हटला, आणि बाईंनी प्रत्येक वेळी तो आपल्या बाजूने मोजला. असे आणखी किती वेळा झाले असेल? सकाळी चहा नको असताना पाजला असेल. जी माणसे बसायला हवी होती ती उठवली असतील. त्याचा हिशेब लागणे शक्य नव्हते.

घरी आल्यावर त्यांनी भाऊंना उशीला टेकवून बसवले. मोबाइलमधून घाटाचा एक फोटो आणि आपल्या पडवीचा एक फोटो काढून त्यांनी बाजारातून त्यांच्या प्रती करून आणल्या. दोन्ही पांघरुणावर मांडल्या.

"यात्रेच्या दिवशी कुठं बसायचं? हात ठेवा. मी काही बोलणार नाही."

भाऊंनी वेळ घेतला. डावा हात घाटावर पडला. बाईंनी जागा बदलल्या. हात पांघरुणावरून घसटत पलीकडे गेला, पुन्हा घाटावर. आणखी एकदा बदलल्या. या वेळी भाऊंनी फोटो नुसता दाखवला नाही. उचलून छातीवर धरला.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. त्यांना रडू आवरेना.

"व्हय," भाऊ म्हणाले.

त्या व्हयचा अर्थ लावण्याच्या भानगडीत बाई पडल्या नाहीत. त्यांनी इर्शादला फोन लावला.

"इर्शादभाऊ, माझं वाचन चुकलं. यांना यायचंय."

"गाडी घिऊन येतो, वहिनी. सकाळच्यालाच येतो."

माघी पौर्णिमेला घाट माणसांनी भरला होता. बाजूच्या टेकाडावर मुले बसली होती, खाली भेळेच्या आणि रसाच्या गाड्या होत्या. भाऊंना चौघांनी खुर्चीसकट स्टेजवर चढवले. कुणी हार आणला होता. तो बाईंनी भाऊंच्या गळ्यात घालू न देता त्यांच्या मांडीवर ठेवायला लावला. पुष्कळ माणसे पाया पडून गेली. म्हाताऱ्या रतनबाई, नात्याने भाऊंच्या चुलत आत्या, काठी टेकत स्टेजच्या पायरीवर येऊन बसल्या.

पप्पूने माईक घेतला. पहिल्या बारीला त्याचा आवाज कापत होता, दुसऱ्या बारीला सुटला. कर्ण्यांतून शब्द घुमून घुमून टेकाडावर आदळत होते. बारी झाली, धूळ उडाली, लोक ओरडले, आणि रतनबाईंनी काठी आपटली.

"रडतुया गं माजा ल्योक! बगा, डोळं बगा त्येचं. न्या त्येला घरी. कशाला आनलं हितं?"

खरेच भाऊंच्या गालावर पाणी ओघळले होते. उजवी पापणी आजारापासून नीट मिटत नसे, त्यातून पाणी येई. पण डाव्या डोळ्यातही होते. कपाळावर आठ्या होत्या. पप्पूने माईक खाली घेतला. कमिटीची माणसे, इर्शाद, पायरीवरची बायामाणसे, सगळ्यांनी भाऊंकडून नजर काढून बाईंकडे वळवली.

"बाई, काय म्हणत्यात भाऊ?" कुणीतरी विचारले.

अर्थ तयार होता. तो त्यांच्या ओठापर्यंत आला होता: स्वतःची जागा दुसऱ्याकडे गेलेली बघवत नाही, घरी न्या म्हणताहेत. कुणालाही पटला असता.

"मला माहीत नाही," राजेश्वरीबाई म्हणाल्या. "त्यांना विचारा. आणि थांबा जरा."

इर्शाद भाऊंच्या पुढ्यात उकिडवा बसला. "घरी जायचं, भाऊ?"

"व्हय."

"का हितंच बसायचं?"

"व्हय."

इर्शादने पुढचा प्रश्न गिळला. तो नुसता बसून राहिला. मागे गाडेवाले ओरडत होते, पुढची बारी खोळंबली होती, घोडी आवरत नव्हती. भाऊंचा डावा हात उठला. त्यांनी कर्ण्याकडे बोट केले, मग पप्पूच्या तोंडाकडे. मग खुर्चीच्या हातावर बोटांनी आवाज केला. ठक. त्याहून हलका, ठक. त्याहून हलका, ठक. आणि कपाळाला आठ्या घालून इर्शादच्या यंत्राकडे पाहिले.

इर्शादने स्वतःच्या कपाळावर हात मारला.

"इको! इको लय झालाय. शब्द शब्दावर चढतुय, व्हय ना, भाऊ? आरं पप्प्या, कुणी फिरवलं हे बटण?"

"मीच," पप्पू म्हणाला. "म्हणलं जरा भारी वाटंल."

"भारी! भाऊच्या कानात खिळं मारलं तू."

पायरीवरची माणसे हसली. इर्शादने यंत्रावरचे बटण पार मागे फिरवले. "बोल आता."

"पुढची बारी येतीय, मंडळी, बाजूला व्हा," पप्पू म्हणाला, आणि प्रत्येक शब्द स्वच्छ, वेगळा, टेकाडापर्यंत गेला. भाऊंनी पाठ टेकली.

इको म्हणजे नेमके काय, हे राजेश्वरीबाईंना त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हते. त्यांनी इर्शादला विचारून घेतले. डाव्या डोळ्यातले पाणी कशाचे होते, हे मात्र त्यांनी कुणाला विचारले नाही, आणि कुणी विचारले असते तर सांगितलेही नसते. खाली इशारा झाला, गाडा सुटला, धुळीचा लोट वर आला. बाईंनी पिशवीतून रुमाल काढला. भाऊंचा गाल पुसायला त्यांचा हात सवयीने पुढे झाला होता. तो त्यांनी मध्येच थांबवला आणि रुमाल त्यांच्यापुढे नुसता धरला. भाऊंची नजर गाड्यावरून हलली नाही. गाडा निशाणापार गेल्यावर त्यांनी रुमाल घेतला, आणि आपल्या हाताने तोंड पुसले.